लालासाहेब

तुमची त्यांची ओळख लांबूनच असणार. टीव्हीवर एखादा घामाघूम पंच धावत येतो, मागच्या खिशात हात घालतो, हात ताठ वर जातो आणि बोटांत तळहाताएवढा लालभडक तुकडा दिसतो. तेच ते. काम जेमतेम तीन सेकंदांचं. तेवढ्यात एका खेळाडूची आंघोळ वेळेआधी होते, अकराचे दहा होतात, आणि हे पुन्हा खिशात जाऊन बसतात. पुढचं सगळं जगानं निस्तरायचं.

मी त्यांना लालासाहेब म्हणतो. नुसतं लाल कार्ड म्हणून हाक मारली तर ओ देतील असं वाटत नाही; मानी आहेत. त्यांचे धाकटे बंधू पिवळूशेठ मात्र मोकळे. एका सामन्यात चार-पाच वेळा बाहेर येतात, दम देतात, परत जातात. कुणी हुज्जत घातली तर त्यालाही भेटून येतात. आमच्याकडे पिवळं कार्ड म्हटलं की आधी रेशनचं दुकान आठवतं. ते मिळावं म्हणून लोक जुन्नरच्या नि घोडेगावच्या तहसील कचेरीचे उंबरे झिजवतात; मैदानावर तेच फुकट वाटतात तर घ्यायला कुणी तयार नसतो. पिवळूशेठ एकाच गड्याला दोनदा भेटले की मात्र थोरल्यांना यावंच लागतं. घरचा रिवाज आहे.

दोघे भाऊ एका खोलीत राहत नाहीत. बरेच पंच पिवळ्याला छातीच्या खिशात ठेवतात आणि लालासाहेबांना मागे, चड्डीच्या खिशात. घाईत भलताच भाऊ हाताला लागू नये, एवढाच हेतू. लालासाहेबांना विचाराल तर ते सांगतील, मागची खोली स्वतंत्र आहे, तिथं वर्दळ नसते.

कूळ विचारलं की ते वेम्बलीचं नाव सांगतात. अर्धं खरं आहे. २३ जुलै १९६६, विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, इंग्लंड आणि अर्जेंटिना. जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनियो रॅटिन याला बाहेर व्हायला सांगितलं. पंचांना स्पॅनिश येत नव्हतं, रॅटिनला जर्मन येत नव्हतं, आणि बाहेर जायचं नाही एवढं त्यानं दोन्ही भाषांशिवाय ठरवलं होतं. खेळ कितीतरी मिनिटं अडकून पडला. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्ल्टन बंधूंनाही ताकीद मिळाली होती म्हणे, पण थोरल्या चार्ल्टनला ती दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचून कळली. पंचांचा कारभार पाहणारे केन ॲस्टन हे सगळं डोक्यात घेऊन मोटारीनं घरी निघाले. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर सिग्नल लागला. पिवळा, मग लाल. गाडी थांबली आणि कल्पना सुटली. म्हणजे साहेबांचा जन्म वेम्बलीचा नव्हे, सिग्नलवरचा. हे त्यांना बोलून दाखवू नका.

१९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात दोघा भावांना पहिली मोठी नोकरी लागली. पिवळूशेठ पहिल्या दिवसापासून कामाला भिडले. लालासाहेब सगळी स्पर्धा खिशात बसून राहिले. एकाही खेळाडूला बाहेर काढायची वेळ आली नाही. नवीकोरी वर्दी, बिल्ला लावलेला आणि फिर्यादच नाही! बोहनी झाली ती १४ जून १९७४ रोजी, पश्चिम बर्लिनमध्ये. तुर्कस्तानच्या डोआन बाबाजान यांनी चिलीच्या कार्लोस काझेलीला लाल दाखवलं. गंमत म्हणजे ज्या इंग्रजांच्या सिग्नलवर हे जन्मले, त्यांनी आपल्या लीगमध्ये यांना १९७६ साली ठेवून घेतलं, १९८१ साली घालवलं आणि १९८७ साली परत बोलावलं. घरच्यांना कदर नसते ती अशी.

हे झालं त्यांचं दफ्तरी आयुष्य. खरा संसार चहाच्या टपरीवर.

जुन्नर-आंबेगाव हा काही फुटबॉलचा मुलूख नव्हे. पोरं टेनिस बॉलनं क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात. मोठ्यांचा जीव बैलगाड्यात. फुटबॉल आहे तो मोबाईलवर. शेतीपंपाची लाईट रात्रीची येते, उसाला पाणी धरायला जावंच लागतं, आणि बिबट्या कधी बांधावर येऊन बसेल सांगता येत नाही म्हणून डोळा लागू द्यायची सोय नसते. मग एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात युरोपातला सामना. सकाळी हीच मंडळी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवून चहाला जमतात आणि रात्री लालासाहेबांना कुणी बोलावलं, का बोलावलं, बोलवायला हवं होतं का, याची सुनावणी सुरू होते.

सुनावणीची रीत ठरलेली आहे. एक ग्लास म्हणजे बचावपटू. दुसरा ग्लास म्हणजे चेंडू घेऊन सुटलेला गडी. मधे काडेपेटी, तो चेंडू. पहिला ग्लास घसरत येतो. तो कोण सरकवतो यावर सगळा खटला. आरोपीच्या बाजूचा माणूस ग्लास अलगद आणतो, काडेपेटीला टेकवतो, पलीकडचा ग्लास नुसता डुगडुगतो. फिर्यादीचा माणूस तोच ग्लास असा आणतो की दुसऱ्या ग्लासातला उरलेला चहा थेट शेजारच्याच्या पायजम्यावर.

"चेंडूला आधी लागला का नाही, एवढं सांग."

"लागला. पण मंग पाय कुठं गेला? नडगीवर."

"मुद्दाम नाय केलं त्यानं."

"मुद्दाम कोण करतंय? ट्रॅक्टरखाली कोंबडी मुद्दाम घेतो का कोणी? भरून द्यावीच लागती ना!"

हा कोंबडीचा न्याय ज्यानं सांगितला त्यानं नियमाचं पुस्तक जन्मात पाहिलेलं नाही, पण पुस्तकातही जवळजवळ हेच आहे. बारावा नियम खेळाडूच्या मनात काय होतं ते विचारत बसत नाही. तो तीन पायऱ्या सांगतो. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याला काय होईल याची फिकीर न करता गेलात तर पिवळूशेठ. आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावलात, समोरच्याच्या जिवाला धोका केलात, तर लालासाहेब. चेंडूला आधी लागलं म्हणून सुटका, असं त्यात कुठंच नाही. तरी ते वाक्य जगातल्या प्रत्येक टपरीवर, प्रत्येक भाषेत, दर आठवड्याला म्हटलं जातं. लालासाहेबांना आता ते ऐकू येईनासं झालं असावं.

खरी मेख तिसऱ्या पायरीवर आहे. जास्त जोर म्हणजे किती? वजनकाटा लावायचा कुठं? पुस्तक इथं गप्प बसतं आणि पंचाकडे बोट दाखवतं. पंचाला पाव सेकंद दिसलेलं असतं, तेही मधे दोन माणसं असताना. लालासाहेबांचा सगळा दरारा या एका रिकाम्या जागेवर उभा आहे, आणि त्यांच्यावरचे सगळे वादही त्याच जागेत राहायला आहेत. जोर मोजता आला असता तर त्यांना चहाला कुणी बोलावलं नसतं.

तुलनेला आमचा घाट बघा. पौष पौर्णिमेला आंबेगाव तालुक्यात, नागापूरजवळ थापलिंगच्या खंडोबाची यात्रा भरते आणि घाटात बैलगाडे पळतात. बारी सुटते, धुरळा उठतो, भिर्रर्र म्हणेपर्यंत गाडा वर, आणि निवेदक सेकंद पुकारतो. आता घड्याळंही डिजिटल आली; सेकंदाचे तुकडे करून सांगतात. गाडामालक कितीही मातब्बर असो, घड्याळापुढे त्याचं चालत नाही. तो बोलायचं ते बोलतो, पण घड्याळाला ऐकू येत नाही. लालासाहेबांच्या नशिबी असलं घड्याळ नाही. त्यांच्या घाटात सेकंद पंचाच्या डोळ्यानं मोजायचे.

या घाटालाच एकदा लाल कार्ड मिळालं होतं, हे ओघात आलं म्हणून सांगतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर आमच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली राज्यानं कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. नऊ वर्षं रिप्ले पाहणं चाललं होतं. तेवढ्या काळात गाडामालक म्हणत, आम्ही बैलाला पोटच्या पोरासारखं जपतो. समोरचे म्हणत, मग पोराची शेपटी का पिरगाळता. दोन्ही खरं होतं. म्हणूनच तर इतकी वर्षं लागली. टपरीवरच्या मंडळींना तेव्हापासून लाल कार्डाचा वाद परका वाटत नाही. बाहेर बसवलेला गडी म्हणजे काय ते त्यांनी घरच्या दावणीला पाहिलं आहे.

तापटपणाचं म्हणाल तर लालासाहेबांना रोज राग येत नाही. साठवून ठेवतात. २० डिसेंबर २०२३ ला मुंबईत, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात मुंबई सिटी आणि मोहन बागान यांचा सामना होता. त्या एका रात्रीत साहेब सात वेळा बाहेर आले. मुंबईचे चार, बागानचे तीन. पहिला तेराव्या मिनिटाला मुंबईचा आकाश मिश्रा. शेवटचे तर शेवटची शिट्टी होऊन गेल्यावर. शिट्टीनंतर खेळाडू घरी जायला निघतात, साहेब तेव्हा कामावर येत होते. सामना मुंबईनं २-१ असा जिंकला, पण दुसऱ्या दिवशी गोल कुणी केले ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना शहाजीराजांच्या नावाच्या मैदानावर एवढी रणधुमाळी झाल्याचं थोडं कौतुकच वाटलं. टपरीवर मात्र त्या तेराव्या मिनिटावर अख्खा आठवडा गेला.

"एवढ्या लवकर कोणी लाल देतं का? अजून घाम बी नव्हता आला."

हा वादाचा आणखी एक मोहरा. गुन्हा सकाळी केला तर शिक्षा कमी, असं कुठल्याही कायद्यात नसतं. फुटबॉलच्या चाहत्याच्या मनात मात्र असतं. पंचांच्या मनातही थोडं असतं, फक्त ते कबूल करत नाहीत. तोच पाय, तीच नडगी. आठव्या मिनिटाला पिवळूशेठना पाठवून भागवायचं आणि ऐंशीव्या मिनिटाला थोरल्यांना. लालासाहेबांना सकाळी लवकर उठवलेलं आवडत नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे.

त्यांच्या रागाचा दुसरा एक प्रकार आहे, तो लोकांना मुळीच पटत नाही. त्यात कुणाला खरचटलेलंसुद्धा नसतं. गडी एकटा गोलकडे सुटला आहे, मागून कुणीतरी बनियन ओढली, तो थांबला. झालं. लाल. इथं साहेब डॉक्टर राहत नाहीत, मोजणी खात्यातले होतात: गोल किती लांब, गडी कुठल्या दिशेला निघाला होता, चेंडू त्याच्या ताब्यात राहिला असता का, मधे अजून कोण उभं होतं. चारही उतारे जुळले तर नुसत्या बनियनीलाही लाल. त्यात २०१६ पासून पोटनियम आला: पेनल्टी बॉक्समध्ये खरोखर चेंडूसाठी झटत असताना पाडलं असेल तर पेनल्टी आणि पिवळं एवढ्यावर सोडायचं, कारण पेनल्टी, लाल आणि पुढच्या सामन्याची बंदी ही तिहेरी शिक्षा फार होते. हिशेब बरोबर आहे. पण नडगी फोडणारा पिवळ्यावर सुटतो आणि बनियन ओढणारा घरी जातो, हे टपरीवर समजावून सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

मिरवायची हौस जबर. गल्लीतला पोरगा बाहेर काढण्यात त्यांना गोडी नाही. विश्वचषकाची फायनल हवी, कॅमेरे हवेत. ९ जुलै २००६ ला बर्लिनमध्ये त्यांना हवं ते सगळं मिळालं. जादा वेळ चालू, ११० वं मिनिट, झिनेदीन झिदानची कारकिर्दीतली शेवटची लढत, आणि त्यानं इटलीच्या मातेराझीच्या छातीत डोकं हाणलं. पंच होरासिओ एलिझोंदो यांनी ते पाहिलंच नव्हतं. चौथ्या पंचांनी कानात सांगितलं, तेव्हा साहेब निघाले. झिदान खाली मान घालून ठेवलेल्या विश्वचषकाच्या शेजारून आत गेला, तो फोटो जगभर छापून आला. त्या फोटोत लालासाहेब नाहीत. एवढं करूनही फोटोत नाही, हे शल्य त्यांना आहे.

त्यावर वाद झाला नाही असं नाही. पण तो लाल का पिवळं याचा नव्हता. मातेराझी काय बोलला असेल याचा होता. आमच्या आंबेगावच्या मंडळींचा त्यावर एकमतानं निकाल: आई-बहिणीवरून बोलला असेल तर डोकं बरोबर आणि कार्डही बरोबर. दोन्ही एकाच वेळी. कायद्याच्या पुस्तकाला हे जमलेलं नाही.

जिथं जायला हवं होतं तिथं गेले नाहीत, अशाही त्यांच्या नोंदी आहेत. ८ जुलै १९८२, सेव्हिया, विश्वचषकाचा उपांत्य सामना. जर्मन गोलरक्षक शूमाखर उडी मारून फ्रान्सच्या बातिस्तोंवर असा आदळला की तो बेशुद्ध पडला, दात गेले, मणक्याला इजा झाली. पंचांनी काय दिलं? गोल किक. फाउलसुद्धा नाही. २०१० च्या फायनलमध्ये नेदरलँड्सच्या दे योंगनं स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीत बुटाची लाथ घातली. पंच हॉवर्ड वेब यांनी पिवळं दाखवलं आणि पुढे स्वतःच मान्य केलं की ते लाल होतं, मधे माणूस आल्यानं नीट दिसलं नाही. लालासाहेब खिशात होते. ऐकत होते. पण स्वतःहून बाहेर येण्याचा अधिकार त्यांना नाही. एवढा दरारा आणि चाल दुसऱ्याच्या हाताची. कुठल्याही कचेरीत असा एखादा शिक्का सापडेल.

पण त्यांची खरी फजिती केली ती उरुग्वेच्या लुईस सुआरेझनं. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. घाना उपांत्य फेरीच्या उंबऱ्यावर. आफ्रिकेतला एकही देश तोवर तिथं पोचला नव्हता. जादा वेळाचं शेवटचं मिनिट, चेंडू गोलात चाललेला, आणि गोलरेषेवर उभ्या सुआरेझनं तो दोन्ही हातांनी थोपवला. स्वतः गोलरक्षक नसताना. लालासाहेब तडक बाहेर आले. वादच नव्हता, नियमात इतकं स्वच्छ बसणारं दुसरं उदाहरण काढून दाखवा. सुआरेझ रडत निघाला. पेनल्टी घ्यायला घानाचा असामोआ ग्यान आला आणि त्यानं चेंडू आडव्या दांडीवर मारला. बोगद्याच्या तोंडाशी थांबलेला सुआरेझ नाचायला लागला. पुढे टायब्रेकरमध्ये उरुग्वे जिंकलं, ४-२.

म्हणजे लालासाहेब आले, बरोबर वेळी आले, बरोबर माणसाला भेटले, आणि तरी चोरानंच दिवाळी केली. या प्रकरणावर टपरीवर जितके पक्ष पडले तितके ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडत नाहीत. एक म्हणाला, गोलच द्यायला पाहिजे होता. दुसरा म्हणाला, देशासाठी मी पण हात घातला असता. शाळेतल्या पीटीच्या सरांनी ठासून सांगितलं की गुन्हा केला, शिक्षा भोगली, विषय संपला. पेनल्टी ग्यानला घालता आली नाही याला सुआरेझ काय करणार? मला सरांचं पटतं आणि तरी आवडत नाही. शिक्षा किती होणार हे आधी माहीत असलं की काही माणसं तिचा दर काढतात आणि परवडतंय का ते बघतात. उसाच्या ट्रॉलीत जादा माल भरून दंडाची पावती खिशात ठेवणारे आम्ही. आम्हाला सुआरेझ समजावून सांगावा लागत नाही.

असं सगळं ऐकून साहेब नुसतेच खडूस असतील असं वाटेल. तसं नाही. २ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये कॅमेरूनच्या व्हिन्सेंट अबुबकरनं ब्राझीलविरुद्ध जादा मिळालेल्या मिनिटांत गोल केला आणि आनंदानं अंगातला शर्ट काढून भिरकावला. शर्ट काढला की पिवळं, आणि पिवळं त्याला आधीच एक मिळालेलं. पंच इस्माइल एल्फाथ जवळ आले, हसले, अबुबकरचा हात हातात घेतला आणि मग आधी पिवळं, पाठोपाठ लाल दाखवलं. अबुबकरही हसत बाहेर गेला. इतक्या प्रेमानं निरोप देताना लालासाहेबांना मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

अलीकडे त्यांना चष्मा लागला आहे. व्हीएआर म्हणतात त्याला. २०१८ च्या विश्वचषकापासून पंच मैदानाच्या कडेला पळत जातो, छोट्या पडद्यात डोकावतो, बोटांनी हवेत चौकोन काढतो आणि मग साहेबांना बोलावतो किंवा बोलावत नाही. २००६ च्या विश्वचषकात साहेब अठ्ठावीस वेळा बाहेर आले होते. २०१८ ला फक्त चार वेळा, २०२२ लाही चारच. चष्म्याचा धाक, दुसरं काय; आता कॅमेरा पाहतोय म्हटल्यावर कोपर जपून वापरतात. त्या २०२२ मधला एक तर चष्म्याचाच बळी: वेल्सचा गोलरक्षक हेनेसी पुढे धावत येऊन इराणच्या खेळाडूवर आदळला, पंचांनी आधी पिवळं दिलं, पडद्यावर पाहून लाल केलं.

चष्म्यानं वाद मिटतील असं ज्यांना वाटलं त्यांनी कधी टपरीवर चहा घेतलेला नाही. पडद्यावर हळू चित्र दाखवलं की साधा पायही कुऱ्हाडीसारखा दिसतो. पाय किती जोरात आला ते नेहमीच्या वेगानं बघा, हळू चित्र फक्त पाय कुठं लागला ते पाहायला, असं नियमावलीतच सांगून ठेवलं आहे. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. मोबाईलवर बोटानं चित्र थांबवायचं, दोन बोटांनी मोठं करायचं, आणि बुटाचा एक खिळा नडगीत रुतलेला दिसला की गर्जना करायची, "हे बघ! आता काय म्हणतो?" समोरचा तोच मोबाईल घेतो, चित्र अर्धा सेकंद मागं नेतो आणि म्हणतो, "हे बघ, चेंडू." पुरावा एकच, दोघेही जिंकले.

त्यांचं गोत मोठं आहे. कबड्डीत ते आहेत, सोबत हिरवं नि पिवळं असतं. हॉकीतही आहेत. क्रिकेटमध्ये बरीच वर्षं त्यांना पाहुण्यासारखं बाहेर बसवलं. २००५ साली ऑकलंडला पुरुषांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामन्यात मॅकग्रानं गंमत म्हणून चेंडू घरंगळत टाकायचं सोंग केलं, तेव्हा पंच बिली बाउडेन यांनी तितक्याच गमतीनं लाल दाखवलं होतं. २०२३ साली कॅरिबियन लीगमध्ये षटकं वेळेत टाकली नाहीत म्हणून सुनील नारायणला खरोखर बाहेर बसावं लागलं. मारामारी नाही, शिवी नाही, उशीर झाला म्हणून. हा नियम एसटीला लावला तर नारायणगाव स्टँडवर गाडीच उरायची नाही.

महाराष्ट्रात त्यांची खरी सासुरवाडी कोल्हापूर. तिथं राजर्षी शाहू स्टेडियमवर संघ उतरतात ते तालमींची नावं घेऊन: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी. तिथं लाल कार्ड एका खेळाडूला मिळत नाही, अख्ख्या पेठेला मिळतं. तो बाहेर येतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे चुलते, गल्लीतले मित्र आणि तांबड्या रश्शाच्या खाणावळीतले पोरगेही बाहेर काढले गेलेले असतात. संध्याकाळी पेठेत पंचाचं गाव, गोत आणि दृष्टी या तिन्हींची चौकशी होते. लालासाहेबांना इतकं मनावर घेणारी माणसं दुसरीकडे मिळणं कठीण, आणि सासुरवाडीत जाताना ते घाबरतात तेही त्याचसाठी.

आमच्याकडे त्यांचं येणं विरळा. गावच्या मैदानावर सामना असला तरी पंच गावचाच असतो. ज्याला लाल दाखवायचं त्याच्याच बापाच्या विहिरीवरून उद्या पाणी घ्यायचं असतं, किंवा त्याचा मामा सोसायटीचा चेअरमन असतो. मग साहेब खिशात घामानं ओले होतात आणि पिवळूशेठ सगळं सांभाळून घेतात.

तरी एकदा आले होते, असं सांगतात. खरं-खोटं खंडोबाला ठाऊक. एका पोरानं समोरच्याला मागून असा काही पाडला की पंचांचा हात आपोआप मागच्या खिशात गेला. तेवढ्यात पोराचा थोरला भाऊ धावत मैदानात आला आणि पंचांच्या कानाला लागला.

"सर, द्यायचं तर द्या, पण पुढच्या मॅचला द्या. आज पोराला बघायला पाव्हणे आलेत. ते काय, टोपीवाले, लिंबाखाली."

पंचांनी लिंबाखाली पाहिलं. टोपीवाल्या पाहुण्यांनी पंचांकडे पाहिलं. आणि लालासाहेब बाहेर आले.

सोयरीक जमली. मुलीच्या बापाचं म्हणणं पडलं की पोरगा तापट आहे, पण कार्ड दाखवल्यावर मुकाट्यानं बाहेर गेला, सांगितलेलं ऐकतो. लग्नात पंचही होते. हळदीपासून पंगतीपर्यंत मांडवात एकच विषय, ते लाल होतं का पिवळं. वरमाईनं पिवळं सांगितलं, मुलीकडच्यांनी लाल. शेवटी भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला तेव्हा कुठं सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत मुंडावळ्या सावरत नवरदेव शेजारी उभ्या मामाला म्हणाला, "मामा, चेंडूला आधी लागला होता."